एकदाच मिळणारी परीक्षा : वैमानिक निवडचाचणीचा विचार

भारतीय हवाई दलात वैमानिक व्हायचं तर एक चाचणी द्यावी लागते. पूर्वी तिला पीएबीटी म्हणत. पुढे संगणकीकृत सीपीएसएस आली. पडद्यावरचा ठिपका हातातल्या दांड्याने आणि पायातल्या पेडलने मध्यावर धरायचा. मधेच दिवा लागतो, आवाज होतो, तोही दुसऱ्या हाताने बंद करायचा. आणि ही चाचणी आयुष्यात एकदाच. नापास झालात की वैमानिक शाखेचं दार कायमचं बंद.

चाचणीला आधारच नाही, असं आम्ही म्हणत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत जॉन फ्लॅनगन यांच्या नेतृत्वाखाली अशा चाचण्या झाल्या. हजारावर उमेदवारांना तर मुद्दाम, गुण न बघता प्रशिक्षणाला घेतलं. कमी गुणवाले बहुतेक गळाले. म्हणजे चाचणी समूहाबद्दल खरं सांगते. पण इथे व्याप्ती आहे ‘बहुधा नाही’ एवढीच, आणि एका मुलाबद्दल निगमन काढलं जातं ‘कधीच नाही’. हे अनुमान सदोष आहे.

यावर उत्तर देतात की, सरावाने गुण वाढतात, म्हणून पहिलाच प्रयत्न खरा. ठीक. पण सगळ्यांचा पहिला प्रयत्न सारखाच पहिला असतो का? ज्याच्या घरी जॉयस्टिक आहे, त्याचा सराव आधीच झालाय. ज्याने ती तिथेच प्रथम धरली, त्याचं काय?

आता मुळाशी जाऊ. नैयायिकांच्या मते मन अणू आहे. त्याला एका क्षणी दोन ज्ञानं होत नाहीत. म्हणजे ज्याला आपण अष्टावधानी म्हणतो, तोही अवधान वाटत नाही, झटपट फिरवतो. २९ डिसेंबर १९७२ रोजी ईस्टर्न एअरलाइन्सचं ४०१ क्रमांकाचं विमान मायामीजवळ कोसळलं. १०१ माणसं गेली. कॉकपिटमधले सगळे चाकाच्या एका दिव्यात गुंतले होते, आणि उंची कमी होतेय हे कुणी पाहिलं नाही. हात निपुणच होते. सुटलं ते तारतम्य. अवधान किती वेगाने फिरतं, हे यंत्र मोजतं. ते कुठे न्यावं, हे कसं मोजणार?

म्हणून आमचं म्हणणं एवढंच: आधी सर्वांना सारखा सराव द्या, आणि ठरावीक काळाने दुसरी संधी द्या. निवड कठोर असू दे. कठोर निवड एकदाच करावी लागते, असं कुठे आहे?

आता प्रश्न घेऊ या.