एका पत्राचे प्रामाण्य

शास्त्रीय वाङ्मयात एखादे वचन प्रमाण कसे ठरते, याचा विचार करू इच्छिणाऱ्याने ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या अमेरिकन नियतकालिकाच्या १० जानेवारी १९८० च्या अंकातील एक पत्र अवश्य वाचावे. जेन पोर्टर व हर्शेल जिक यांचे हे पत्र अवघ्या पाच वाक्यांचे आहे. ते वाचावयास एक मिनिट पुरते. तरीही ज्यांनी पुढे त्याचा आधार घेतला, त्यांपैकी पुष्कळांनी तेवढेही मिनिट खर्च केले नसावे, असे मानावयास जागा आहे.

पत्रातील मजकूर थोडक्यात असा. बॉस्टन येथील औषध-निरीक्षण प्रकल्पाच्या दप्तरातील, रुग्णालयात दाखल झालेल्या ३९,९४६ रुग्णांच्या नोंदी लेखकद्वयाने तपासल्या. त्यांपैकी ११,८८२ जणांना अफूवर्गीय वेदनाशामक निदान एकदा तरी दिले गेले होते. पूर्वी व्यसन नसलेल्या रुग्णांत व्यसन जडल्याची बऱ्यापैकी पुरावा असलेली उदाहरणे चार, आणि त्यांतील गंभीर एकच. त्यानंतर संबंधित औषधांची नावे येतात, आणि शेवटी निष्कर्ष : रुग्णालयांत ही औषधे सर्रास वापरली जात असली, तरी पूर्वव्यसन नसलेल्या रुग्णांस व्यसन लागणे विरळा.

यात असत्य असे काही नाही. पण ‘एकदा तरी’ हे शब्द पाहावे. ज्याला एकच मात्रा मिळाली तो आणि ज्याला ती आठवडेच्या आठवडे मिळाली तो, असे दोघेही त्या ११,८८२ मध्ये सारखेच मोजले गेले. औषध किती दिवस दिले, घरी गेल्यावर रुग्णाचे काय झाले, व्यसन म्हणजे नेमके काय मानले, याविषयी पत्र मूक आहे. पाच वाक्यांच्या टिपणाने इतके सर्व सांगावे अशी अपेक्षाही कोणी करू नये. आमच्या मते दोष असलाच तर तो शीर्षकात आहे. मजकुरातील ‘रुग्णालयांत’ आणि ‘पूर्वव्यसन नसलेल्या’ या दोन्ही मर्यादा शीर्षकातून गळाल्या, आणि ‘अफूवर्गीय औषधे घेणाऱ्या रुग्णांत व्यसन विरळा’ एवढेच उरले. पुढे प्रवास घडला तो या शीर्षकाचा.

लेखकांवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्या काळी भीती उलट बाजूची होती. व्यसनाच्या धास्तीने डॉक्टर तीव्र वेदनेतही अपुरी मात्रा देतात, हे मार्क्स व साकर यांनी १९७३ साली दाखविले होते. रुग्णशय्येवर तळमळणाऱ्या माणसाला औषध नाकारू नये, एवढ्यापुरता या पत्राचा आधार रास्तच होता.

परंतु १९९६ साली पर्ड्यू कंपनीचे ‘ऑक्सिकॉन्टिन’ बाजारात आले आणि संदर्भच पालटला. आता प्रश्न होता पाठदुखी, सांधेदुखी यांसारख्या दीर्घ दुखण्यांचा. रुग्ण घरी राहणार, गोळी महिनोन् महिने घेणार, आणि तिच्यावर देखरेख कोणाचीच नाही. व्यसनाचा धोका एक टक्क्याहूनही कमी, असे कंपनीचे विक्रेते डॉक्टरांना सांगत. ज्या टिपणात घरच्या रुग्णाचा उल्लेखदेखील नाही, ते अशा दाव्यांच्या पाठीशी उभे करण्यात आले.

२०१७ साली टोरांटोच्या लेउंग, जूरलिंक प्रभृती संशोधकांनी त्याच नियतकालिकात या पत्राचे सर्व उल्लेख मोजले. ते ६०८ भरले. पैकी ४३९ लेखांनी व्यसन विरळा असल्याचा पुरावा म्हणून पत्र पुढे केले होते, तर ४९१ लेखांत मूळ रुग्ण रुग्णालयातील होते हे सांगितलेच नव्हते. ही मोजणी मोलाची आहे. मात्र तिच्यावरून किती सिद्ध होते, याचाही विवेक राखला पाहिजे. उल्लेखांची संख्या म्हणजे लिहिल्या गेलेल्या औषधचिठ्ठ्यांची संख्या नव्हे. १९९९ ते २०२१ या काळात अमेरिकेत अफूवर्गीय द्रव्यांच्या अतिमात्रेने सुमारे ६,४५,००० माणसे मेली. त्यांत चिठ्ठीवरची औषधे आणि चोरटी द्रव्ये दोन्ही येतात. एवढ्या अनर्थाचे खापर एका पत्रावर फोडणे सोपे आहे, आणि काहींच्या सोयीचेही. दिशाभूल करणाऱ्या विक्रीबद्दल २००७ साली न्यायालयात गुन्हा कबूल केला तो पर्ड्यूच्या एका संलग्न कंपनीने. साठ कोटी डॉलरांहून अधिक दंड भरावा लागला तो या कंपनीला व तिच्या अधिकाऱ्यांना. पत्रलेखकांवर असा आरोप कोणी ठेवला नाही.

आधारावाचून काही लिहिणार नाही, अशी मल्लिनाथाची प्रतिज्ञा आपण विद्यार्थ्यांना कौतुकाने सांगतो. येथे आधार होता, पृष्ठांक बिनचूक होता, तळटीपही निर्दोष होती. नव्हते ते वाचन. आमच्या विभागातील प्रबंधांच्या तळटीपा या दृष्टीने कोणी तपासल्या तर काय हाती लागेल, हे सांगण्याचे धाडस प्रस्तुत लेखकाला होत नाही. त्यात त्याचा स्वतःचा प्रबंधही आलाच.

२०१७ पासून नियतकालिकाने या पत्रासोबत संपादकीय सूचना जोडली आहे : या पत्राचे उल्लेख फार मोठ्या प्रमाणावर आणि चिकित्सेवाचून झाले आहेत, हे वाचकाने ध्यानात ठेवावे. त्यानंतर पत्राचे नाव उलट दिशेने, साऱ्या साथीचे मूळ म्हणून, घेतले जाऊ लागले आहे. त्या उल्लेखांतही ‘एकदा तरी’ हे शब्द क्वचितच भेटतात.