साक्षी पुष्कळ, निकाल एकच

पोथीचे पारायण फलश्रुतीपर्यंत पोचल्याशिवाय पुरे झाले असे आपण मानीत नाही. मधला एखादा अध्याय कितीही रसाळ असो, त्या दिवशी सभामंडपात पाय ठेवावयास जागा नसो, समाप्ती झाल्यावरच पोथी बासनात बांधावयाची हा शिरस्ता आहे. वाङ्मयाच्या टीकाकारालाही हाच नियम बांधून घेतो. चौथा अंक पाहून जो नाट्यगृहाबाहेर पडला त्याला रसिक म्हणता येईल, परंतु पाचव्या अंकासंबंधी बोलण्याचा अधिकार त्याला उरत नाही. हा नियम आपण काव्याला लावतो, नाटकाला लावतो. खेळाला मात्र लावीत नाही. फुटबॉलच्या १९९७ सालच्या फेडरेशन चषकाची कथा हे त्याचे ठळक उदाहरण होय. त्या हंगामासंबंधी आजवर जे लिहिले आणि बोलले गेले त्यातील फार मोठा भाग एका उपान्त्य सामन्याने व्यापला आहे. चषक अखेरीस कोणी नेला असे विचारले तर भले भले जाणकारही क्षणभर थबकतात, असा आमचा अनुभव आहे.

प्रथम प्रकरणाची हकीकत. राज्याराज्यांमधील संतोष करंडक १९४१ पासून चालू होता. मुंबईचा रोव्हर्स, दिल्लीचा ड्यूरँड आणि कलकत्त्याची आय. एफ. ए. शील्ड या तर गोऱ्या पलटणींच्या काळापासूनच्या जुन्या स्पर्धा. परंतु सर्व देशातील क्लबांमधून बाद पद्धतीने एक विजेता ठरविणारी महासंघाची स्वतःची स्पर्धा नव्हती. ती उणीव भरून काढण्यासाठी १९७७ साली फेडरेशन चषक सुरू झाला. पहिल्याच वर्षी बंगळूरच्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीजच्या संघाने मोहन बागानला हरवून तो जिंकला. एका कारखान्याच्या संघाने १८८९ साली स्थापन झालेल्या मातब्बर क्लबास नमविले, ही त्या स्पर्धेची नांदीच म्हणावयाची. पुढे १९७८ आणि १९८० या दोन वर्षी मात्र मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांना चषक विभागून देण्यात आला. बाद पद्धतीच्या स्पर्धेत दोघांना विजयी घोषित करणे म्हणजे वादी आणि प्रतिवादी या दोघांच्याही बाजूने हुकूमनामा करण्यासारखे आहे. निर्णय देण्यासाठीच बसविलेल्या पीठाने निर्णय टाळला, हा दोष त्या स्पर्धेच्या बालपणीच नोंदविला गेला पाहिजे.

आता १९९७ कडे वळू. १३ जुलै रोजी कलकत्त्याच्या सॉल्ट लेक येथील विवेकानंद युवभारती क्रीडांगणावर मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांचा उपान्त्य सामना झाला. प्रेक्षकांची संख्या १,३१,७८१ अशी नोंदली गेली असून भारतातील फुटबॉल सामन्याचा तो उच्चांक मानला जातो. मोहन बागानचे मार्गदर्शक अमल दत्त हे होते. मधल्या फळीची हिऱ्याच्या आकारात मांडणी करून सतत चढाई करावयाची, ही त्यांची व्यूहरचना ‘डायमंड’ या नावाने त्या उन्हाळ्यात घरोघर गाजत होती. ईस्ट बंगालच्या बाजूला प्रदीपकुमार बॅनर्जी. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध भारताचा गोल करणारे ते हेच. सामन्यापूर्वी अमलबाबूंनी प्रतिपक्षाच्या खेळाडूंना उपहासाची नावे ठेवली. वीस वर्षांच्या बायचुंग भुतियाला त्यांनी ‘चुंग चुंग’ म्हटले. त्या सिक्कीमच्या तरुणाने उत्तर पायाने दिले. त्याने एकट्याने तीन गोल केले आणि ईस्ट बंगालने सामना चार विरुद्ध एक असा जिंकला.

या सामन्याचे मोल आम्ही कमी करू इच्छीत नाही. त्यात गर्वाचे घर खाली होते, गुरूशी गुरूची स्पर्धा आहे, नवख्याचा पराक्रम आहे, आणि दोन्ही तीरांवर लोटलेला जनसागर आहे. अंगी गाठ मारणाऱ्या धिटाईला आक्रमकांनी आपल्या मागे मोकळे सोडलेले मैदान कसे पुरेसे होते, याचा पाठ म्हणूनही तो अभ्यासण्यासारखा आहे. पूर्वपक्ष मान्य करून आमचे म्हणणे एवढेच की, हा चौथा अंक होता.

पाचवा अंक त्याच मैदानावर झाला. गोव्यातील वास्कोचा साळगावकर क्लब हा ईस्ट बंगालसमोर उभा राहिला आणि त्याने दोन विरुद्ध एक अशा गोलफरकाने चषक नेला. ज्या संघाने सव्वा लाखांवर लोकांसमोर मोहन बागानचा हिरा फोडला, त्याच संघाला त्याच्याच शहरात, त्याच्याच माणसांसमोर हरविणे, हे काम उपान्त्य सामन्यातील कामापेक्षा सोपे होते असे कोणता विवेकी मनुष्य म्हणेल? शिवाय १३ जुलैच्या सामन्यात दोन्ही पक्ष त्या नगरीचेच होते. अंतिम सामन्यात मात्र एकच पक्ष घरचा होता आणि दुसरा पाहुणा. न्यायालयाचे स्थान प्रतिपक्षाच्या अंगणात असू नये, हे तत्त्व आमच्या व्यवसायात प्राथमिक समजले जाते. इंग्लंडातील १८७१ साली सुरू झालेल्या एफ. ए. चषकातही अंतिम सामना तटस्थ मैदानावर खेळविण्याची रूढी आहे. साळगावकरांना ही सवलत लाभली नाही. तरीही निकाल त्यांच्या बाजूने लागला, म्हणून तो अधिक भक्कम समजावयास हवा.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो क्षुल्लक नाही. बाद पद्धतीत दैवाचा हात फार असतो. एका दिवसाच्या खेळावरून संघाची योग्यता ठरत नाही. मग या चषकाला एवढे महत्त्व का द्यावे? या आक्षेपाचे उत्तर आम्हांस आपल्या जुन्या व्यवहारशास्त्रात सापडते. याज्ञवल्क्याने प्रमाणे सांगितली ती लिखित, भुक्ती आणि साक्षी अशी तीन. यांपैकी एकही उपलब्ध नसेल तेव्हाच ‘दिव्य’ करावयाचे. साखळी स्पर्धा पहिल्या प्रकारात मोडते. महिनोन्‌महिने चालणारी ती नोंदवही आहे. वास्कोच्या दामोदर सप्ताहात भजनी पथकांनी आळीपाळीने चोवीस तास गजर अखंड ठेवावा, एखाद्याचा सूर घसरला तर पुढच्याने सांभाळून घ्यावा, तसे साखळीत आजचे अपयश उद्या भरून निघते. बाद पद्धती म्हणजे दिव्य. तेथे अपील नाही, पुनर्विलोकन नाही.

परंतु दिव्याचेही शास्त्र आहे, आणि ते सूक्ष्म आहे. तुला, अग्नी, जल, विष आणि कोश या पाच दिव्यांपैकी कोशदिव्यात देवाच्या स्नानाचे तीर्थ प्राशन करावयाचे असते. तीर्थ घेतले त्या क्षणी निकाल लागत नाही. चौदा दिवसांत त्या मनुष्यावर राजाकडून वा दैवाकडून अरिष्ट आले नाही, तरच तो शुद्ध ठरतो. याचा अर्थ असा की, जमावासमोर पार पडलेला विधी हा पुराव्याचा आरंभ असून पुढे काय टिकते यावरून त्याची पूर्ती होते.

ही कसोटी दोन्ही विजयांना लावून पाहावी. ईस्ट बंगालचा १३ जुलैचा विजय अंतिम सामन्यापर्यंतही टिकला नाही. साळगावकरांचा विजय मात्र काळाने पारखून घेतला. १९९८–९९ च्या राष्ट्रीय साखळी स्पर्धेचे विजेतेपद याच क्लबाने मिळविले, म्हणजे दिव्याला लिखिताचा दुजोरा मिळाला. मागे पाहिले तरी तेच दिसते. १९८८ आणि १९८९ अशी लागोपाठ दोन वर्षे हा चषक साळगावकरांकडे होता. पुढे पाहिले तर २०१०–११ ची आय लीग त्यांनी जिंकली आणि २०११ च्या फेडरेशन चषकाच्या अंतिम सामन्यात कलकत्त्यातच ईस्ट बंगालला तीन विरुद्ध एक असे पुन्हा नमविले. चौदा वर्षांच्या अंतराने तोच प्रतिपक्ष, तेच मैदान आणि तोच निकाल! अशा घटनेस योगायोग म्हणणाऱ्याने पुराव्याचा कायदा पुन्हा वाचावा. मग उपान्त्य सामन्याच्या त्या १,३१,७८१ माणसांचे काय? ते साक्षी खरेच होते, पण दुसऱ्या दाव्याचे. मोहन बागान श्रेष्ठ की ईस्ट बंगाल, हा जो १९२० च्या दशकापासूनचा दावा आहे, त्यात त्यांची साक्ष ग्राह्य आहे. चषकाच्या दाव्यात ती गैरलागू ठरते.

उज्जैनच्या देवास गेटसारख्या ठिकाणी बसून गोव्याच्या क्लबाचा हा कैवार घेण्याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. फुटबॉलसाठी हे नगर प्रसिद्ध नाही हे खरे. येथील बसस्थानकावर उतरणारा यात्रेकरू थेट महाकाळाकडे धाव घेतो. त्या गर्दीतील किती जणांना ठाऊक असते की, आज जे महाकाळाचे मंदिर ते पाहतात ते अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी, अर्थात रामचंद्र मल्हार सुखटणकर यांनी पुन्हा उभारले? याच गृहस्थांच्या शब्दावरून १७३९ साली पेशव्यांनी मंगेशी गाव श्रीमंगेशाच्या देवस्थानास दिले. क्षिप्रेच्या काठचा महाकाळ आणि फोंड्याचा मंगेश यांना जोडणारा हा पुरुष होय; पण लोक शिंद्यांचे नाव घेतात आणि दिवाणाचे विसरतात. स्मृतीचा ओघ नेहमीच डामडौलाकडे वाहतो आणि काम शेवटास नेणारा बाजूला पडतो. त्या दृष्टीने साळगावकर क्लबाची हकीकत येथील वाचकास परकी वाटू नये.

आपल्या समाजाला तर ती आणखी एका कारणाने परकी नाही. गोव्यात फुटबॉल आणला तो फादर विल्यम लायन्स यांनी, १८८३ साली शिवोली येथे. तेव्हापासून हा खेळ चर्चच्या अंगणातला, ही समजूत देवळाच्या परिसरात दीर्घकाळ होती. ती पुसून टाकण्याचे श्रेय ज्यांना जाते त्यांत १९५६ साली, पोर्तुगीज अंमल असतानाच, हा क्लब उभा करणारे साळगावकर घराणे येते; आणि त्याच क्लबाकडून वर्षानुवर्षे गोलरक्षण करणारे ब्रह्मानंद शंखवाळकरही येतात. संतोष करंडकात १९८३ साली बंगालसह संयुक्त विजेतेपद आणि १९८४ साली निर्विवाद विजेतेपद गोव्याला मिळाले, त्या दोन्ही संघांत ते होते. १९८४ ची स्पर्धा तर गोव्याने एकही गोल न स्वीकारता जिंकली. त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला तो नेमका १९९७ सालचा, आणि पद्मश्री २०२२ साली. ज्या वर्षी गोव्याच्या फुटबॉलला असा दुहेरी मान मिळाला ते वर्ष आम्ही दुसऱ्याच्या उपान्त्य सामन्याच्या नावाने ओळखतो, हे शोभणारे नाही.

या विस्मृतीची किंमतही मोजावी लागली आहे. ज्या इतिहासात उत्सव तेवढा नोंदला जातो आणि निकाल गळतो, त्या इतिहासाच्या आधारे धोरणे आखणारे लोक उत्सवालाच भाव देतात. २०१६ साली महासंघाच्या नव्या आराखड्याच्या निषेधार्थ साळगावकर, डेंपो आणि स्पोर्टिंग या गोव्याच्या तिन्ही क्लबांनी राष्ट्रीय साखळीतून अंग काढून घेतले. त्यांपैकी डेंपो २०२४–२५ च्या आय लीगमध्ये परतला. फेडरेशन चषक स्वतः मध्ये काही वर्षे भरलाच नव्हता. २०१७ साली कटक येथे बंगळुरूच्या संघाने मोहन बागानला हरवून जिंकला तो शेवटचा. २०१८ पासून त्याची जागा सुपर चषकाने घेतली. तो एफ. सी. गोवाने २०१९ आणि २०२५ साली जिंकला याचा आम्हांस आनंद आहे. तथापि मंगेशीच्या देवस्थानास गाव लावून दिले गेले म्हणून तेथील पूजा-नैवेद्य पिढ्यान्‌पिढ्या चालला. आश्रयदात्याच्या वार्षिक मर्जीवर तो चालता ना. खेळालाही असाच निर्वाहाचा कायम बंदोबस्त लागतो, आणि तो बंदोबस्त करण्याची बुद्धी ज्यांनी काम तडीस नेले त्यांची नावे लक्षात ठेवणाऱ्या समाजालाच होते.

दरवर्षी १३ जुलै आला की त्या उपान्त्य सामन्याची आठवण निघते. ती निघावी; बायचुंगचे तीन गोल त्या योग्यतेचे होतेच. फक्त ती सांगणाऱ्याने कथा तेथेच थांबवू नये, एक वाक्य पुढे जावे: त्या वर्षीचा चषक वास्कोच्या साळगावकरांनी नेला. आपल्या घरी, आपल्या देवळाच्या ओसरीवर मुलांना ही हकीकत सांगताना तरी आपण ते वाक्य गाळता कामा नये.