दहा महिने म्हणजे किती?

पीएचडीच्या मुलाखतीत "अलीकडे काय वाचलंत?" हा प्रश्न ठरलेला. जीन थेरपीबद्दल बोलणार असाल, तर आधी एक जुना पेपर नीट वाचा. 'सायन्स'मधला, एप्रिल २००० चा, पॅरिसच्या नेकर रुग्णालयातला. मरिना काव्हाझाना-काल्व्हो, अलेन फिशर आणि सहकाऱ्यांचा.

आजार एससीआयडी-एक्स१. एकाच जनुकात बिघाड असतो, पण त्यामुळे मुलाच्या शरीरात टी-पेशी आणि एनके-पेशी तयारच होत नाहीत. साधा संसर्गही जिवावर बेततो. संशोधकांनी बाळांच्या बोन मॅरोतल्या स्टेम सेल काढल्या, रेट्रोव्हायरस वापरून त्यांत चांगलं जनुक घातलं आणि त्या पेशी परत शरीरात सोडल्या. दहा महिन्यांनी दोन बाळांच्या रोगप्रतिकारक पेशी संख्येने आणि कामाने निरोगी मुलांच्या बरोबरीला आल्या होत्या. हे मोठं यश होतं, यात वादच नाही.

माझा आक्षेप आकड्यांवर नाही, निष्कर्षावर आहे. आजाराची लक्षणं 'पूर्ण' दुरुस्त झाली, असं पेपर म्हणतो. रुग्ण दोन, महिने दहा, आणि शब्द 'पूर्ण'?

पुढे काय झालं ते बघा. २००२ मध्ये याच चाचणीतल्या, नंतर उपचार झालेल्या मुलांमध्ये ल्युकेमिया दिसू लागला. पॅरिस आणि लंडनच्या चाचण्या मिळून २० मुलांपैकी ५ जणांना तो झाला. एक मूल दगावलं. बहुतेकांमध्ये व्हायरसने आणलेलं जनुक एलएमओ२ या जनुकाजवळ जाऊन बसलं होतं आणि व्हायरसमधल्या 'स्विच'ने एलएमओ२ चालू झालं होतं.

आता पेपरकडे परत या. दुरुस्त झालेली पेशी इतरांपेक्षा भरभर वाढते, म्हणून थोड्या पेशी पुरतात, हे यशाचं कारण. पण चुकीच्या जागी जनुक बसलेल्या पेशीलाही तोच फायदा मिळतो! म्हणजे यश आणि धोका एकाच मुळातून आले. हे दहा महिन्यांत दिसणं शक्यच नव्हतं.

लेखकांना दोष देऊन मोकळं होऊ नका. ल्युकेमिया त्यांनीच शोधून जाहीर केला, आणि याच गटाने पुढे स्विच काढून टाकलेला नवा व्हेक्टर वापरला. २०१४ च्या 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मधल्या त्या पेपरात ९ मुलं आहेत. त्यात ल्युकेमिया दिसला नाही. पण पाठपुरावा सुमारे १२ ते ३८ महिन्यांचाच होता. पॅरिसमधल्या एका मुलाला ल्युकेमिया पाच वर्षांनंतर झाला होता. म्हणून दीर्घकालीन परिणाम अजून माहीत नाही, हे या वेळी लेखकांनी स्वतःच लिहिलंय. हा पेपर मला २००० च्या पेपरपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो, निकाल तितका चमकदार नसला तरी.

आज क्रिस्परच्या बातम्या वाचताना हीच पट्टी लावा. सिकल सेल आणि थॅलेसेमियावरचा २०२१ चा गाजलेला पेपरही दोनच रुग्णांचा होता. गडचिरोली, नंदुरबारमधल्या सिकल सेल रुग्णांना आपण उद्या काय सांगणार, हे या वाचनावर ठरतं. सारांश वाचून झाला की तीन गोष्टी वहीत लिहा: रुग्ण किती, महिने किती, आणि ज्या धोक्याची भीती आहे तो दिसायला किती वेळ लागतो. तिसरा आकडा दुसऱ्यापेक्षा मोठा असेल, तर 'बरा झाला' हा शब्द पेन्सिलनेच लिहा.