जनुक संपादनाचे पेशींवरील अनपेक्षित परिणाम : एक चिकित्सा

प्रस्तावना :
क्रिस्पर-कॅस ९ या तंत्राचा परिचय करून देताना 'जनुकीय कात्री' ही प्रतिमा सर्रास योजली जाते. ही प्रतिमा अर्धीच खरी आहे. कात्री डीएनए कापते. कापलेली टोके जोडण्याचे काम मात्र पेशीची स्वतःची दुरुस्ती यंत्रणा करते व तिच्यावर संशोधकाचे पूर्ण नियंत्रण नसते. या अनुषंगाने काही महत्त्वाच्या अभ्यासांची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
मे २०१७ मध्ये 'नेचर मेथड्स'मधील एका निबंधाने संपादित उंदरांत मोठ्या संख्येने अनपेक्षित उत्परिवर्तने आढळल्याचा दावा केला. तुलना मात्र दोन संपादित उंदरांची एकाच असंपादित उंदराशी होती. आढळलेले फरक संपादनाने घडले की त्या उंदरांत मुळातच होते, हे ठरविण्यास एवढा पुरावा अपुरा होता. मार्च २०१८ मध्ये तो निबंध मागे घेण्यात आला. त्यावरून धोकाच नाही असे मानणेही तितकेच घाईचे ठरले असते.

जुलै २०१८ मध्ये वेलकम सँगर इन्स्टिट्यूटमधील ॲलन ब्रॅडली व सहकाऱ्यांनी उंदरांच्या व मानवी पेशींत, नेमक्या लक्ष्यस्थानीच, हजारो बेसजोड्यांचे तुकडे गळाल्याचे दाखविले. हे आधी का दिसले नाही? प्रचलित तपासणीत छेदाभोवतीचा लहानसा भागच पीसीआरने वाढविला जातो. प्रायमर जेथे चिकटतो तो भागच गळाला असेल, तर ती प्रत वाढतच नाही. उरलेली निर्दोष प्रत तेवढी दिसते. म्हणजे हानी जितकी मोठी, तितकी ती तपासणीतून निसटण्याचा संभव अधिक.

जून २०१८ मध्ये 'नेचर मेडिसिन'मधील दोन निबंधांनी आणखी एक बाब पुढे आणली. डीएनएतील छेदामुळे पी ५३ हे संरक्षक प्रथिन जागृत होते व पेशीची वाढ थांबते किंवा ती मरते. त्यामुळे संपादनानंतर तगलेल्या पेशींत सदोष पी ५३ असलेल्या पेशींचे प्रमाण वाढू शकते. आणि असा दोष कर्करोगाशी निगडित आहे. २०२१ मध्ये छेदानंतर गुणसूत्राचे तुकडे होऊन ते विस्कळीतपणे जुळण्याचा प्रकारही नोंदविला गेला. अर्थात हे निष्कर्ष विशिष्ट पेशीप्रकारांतील आहेत. ते सरसकट लागू करता येणार नाहीत.

प्रश्नाचे सामाजिक परिमाण :
सिकलसेलवरील क्रिस्पर-आधारित 'कॅसजेव्ही' उपचारास नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने व डिसेंबरमध्ये अमेरिकेने मान्यता दिली. त्यात रुग्णाच्या रक्तजनक मूलपेशी शरीराबाहेर संपादित करून परत दिल्या जातात. भारतात १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. गडचिरोली व नंदुरबारमधील कुटुंबांसाठी हा आजार रोजचा आहे. उद्या असा उपचार त्यांच्या दारी आला, तर संमतिपत्रावर अंगठा उमटविण्यापूर्वी त्यांना केवळ 'कात्री' सांगून भागेल काय?

समारोप :
उपचार नाकारावा, असे येथे सुचवावयाचे नाही. वेदनेने तळमळणाऱ्या रुग्णास तो नाकारणे हाही अन्यायच होय. तथापि लांब पल्ल्याचे डीएनए वाचन, पुरेसे नियंत्रण गट आणि रुग्णांचा दीर्घकालीन पाठपुरावा या तीन कसोट्यांवाचून सुरक्षिततेचा दावा अपुरा मानावा. अध्यापकांनीही वर्गात कापणे शिकविताना जोडणे शिकवावे. अनपेक्षित ते सारे तेथेच घडते.