मेंढी आणि मेंढपाळी : एका महामंडळाच्या कार्याचा विचार

पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाची स्थापना १९७८ साली झाली. त्याच्या कार्याचे मूल्यमापन करू जाता एक प्रश्न प्रथम उपस्थित होतो : विकास मेंढीचा की मेंढपाळीचा? २०१७ मध्ये आरंभिलेल्या राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेत २० मेंढ्या व १ नर असा गट ७५ टक्के अनुदानावर दिला जातो. जातिवंत नराने कळपाची प्रत सुधारते आणि भांडवलाअभावी खचलेल्या कुटुंबास आधार मिळतो, हे निर्विवाद आहे.

परंतु कोल्हापूर भागातील धनगरांची मेंढपाळी कुटुंबाच्या गटावर नव्हे, तर अनेक कुटुंबांच्या फिरत्या वाड्यावर उभी आहे. पावसाळ्यात वाडा कमी पावसाच्या मुलुखाकडे सरकतो. एरवी शेतात मेंढरे बसवून खताच्या मोबदल्यात धान्य वा पैसा मिळवतो. उसाचे क्षेत्र वाढले, तसतशी पडीक राने आक्रसली. जून ते सप्टेंबर या काळासाठी चराई अनुदानाची तरतूद आहे खरी. पण पैशाने चारा विकत मिळेल, वाट आणि कुरण मिळणार नाही.

या उणिवेचे मूळ संस्थेच्या रचनेत आहे. १९६३ पासून कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाने गवळाऊ शेतकऱ्यास गावच्या संस्थेमार्फत सभासदत्व दिले. महामंडळ शासनाचे, तेथे मेंढपाळ केवळ लाभार्थी. वाड्याला जोवर तेथे मत नाही, तोवर मेंढ्यांची संख्या वाढेल, मेंढपाळी टिकेलच असे नाही.