विशेषनामाचे सामान्यनाम : तळीराम, सिंधू आणि लखोबा

एखाद्या काल्पनिक पात्राचे नाव भाषेत सामान्यनामासारखे रूढ झाले, की तो लेखकाचा विजय मानला जातो. मद्यपी म्हणजे तळीराम, सोशीक पत्नी म्हणजे सिंधू, भामटा म्हणजे लखोबा लोखंडे. या विजयात त्या पात्राचे काय हरवते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

गडकर्‍यांच्या निधनानंतर महिन्याभरातच, फेब्रुवारी १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’ बडोद्यास रंगभूमीवर आणले. भाषेने त्यातून तळीराम उचलला. सुधाकर कोणाही मद्यप्याचे नाव झाला नाही. वस्तुतः नाटक सुधाकराचे आहे. बुद्धिमान आणि मानी वकील, भर न्यायालयातील अपमान, सनदेवर आलेले गंडांतर, आणि नेमक्या त्या वेळी कारकुनाने पुढे केलेला प्याला. त्याच्या व्यसनाच्या मुळाशी दुर्गुण नाही. स्वाभिमान या सद्‌गुणाचाच अतिरेक आहे. हे सुशिक्षित प्रेक्षकाला फार जवळचे होते. म्हणून हसण्याजोगे नाव त्याने घरी नेले आणि धाक वाटावा असे नाव नाट्यगृहातच ठेवले. तळीरामही त्याच व्यसनाने नाटकातच मरतो, याचे स्मरण ‘तळीरामांचा धिंगाणा’ अशा मथळ्यांना उरलेले नाही.

सिंधूचे प्रकरण अधिक गंभीर आहे. पतीच्या हातून मूल गेल्यावर, स्वतः मरणाच्या दारी असताही ती पोलिसांपुढे त्याला पाठीशी घालते. बालगंधर्वांच्या भूमिकेने या सोसण्याला असे काही सौंदर्य दिले, की सिंधू आदर्श ठरली. परंतु तिच्या पातिव्रत्याने नाटकात कोणीही वाचत नाही : मूल नाही, ती नाही, सुधाकरही नाही. त्याच नाटकातील तळीरामाची बायको गीता नवर्‍याला उलट उत्तरे देते. तिचे नाव मात्र कोणत्याही गुणाला मिळाले नाही!

अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’चा पहिला प्रयोगही महाराष्ट्राबाहेर, १९६२ साली दिल्लीत झाला. जयपूरच्या सोडाल्यासारख्या वस्तीत वाढलेल्या मराठी वाचकाला ही नाटके पाहावयास मिळणे दुर्घट. त्याच्या हाती बहुधा नावे तेवढी येतात, आणि नावासोबत आयता अर्थ. लखोबा म्हणजे लबाडी, हा अर्थ खोटा नाही, अपुरा आहे. प्रभाकर पणशीकरांनी रंगविलेली ती पाचही रूपे यशस्वी होतात, ती केवळ निपाणीच्या तंबाखूवाल्याच्या चातुर्याने नव्हे. हुद्दा, घराणे आणि पेहराव पाहून माणूस पारखण्याची सवय, व उपवर मुलीच्या लग्नाची घाई, यांवर त्याचा सारा व्यवहार उभा आहे. न्यायालयात एकामागून एक साक्षीदार येतात, ते आपण कसे फसलो हे सांगण्यासाठी. आपण काय पाहून विश्वास ठेवला हेही त्यांच्या साक्षीतून उघड होते. या दुसर्‍या गोष्टीला मराठीत अद्याप नाव नाही.