पडद्यावरचा महावीर आणि आपला प्रेक्षक

आपली चित्रपटसमीक्षा पडद्यावर काय दिसले याचा हिशेब मांडते आणि थांबते. अभिनय, छायाचित्रण, संगीत यांची गुणपत्रिका तयार झाली की समीक्षकाचे काम संपले. अंधारात तिकीट काढून बसलेल्या माणसाचे काय झाले, तो तेथून काय घेऊन बाहेर पडला, हा प्रश्न तिला पडत नाही. परिवर्तनाच्या चळवळीला मात्र हाच प्रश्न महत्त्वाचा वाटला पाहिजे. म्हणून १४ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रदर्शित झालेल्या 'छावा' या हिंदी चित्रपटाविषयी लिहिताना मी चित्रपटाइतकाच त्याच्या प्रेक्षकाचा विचार करणार आहे.

लक्ष्मण उतेकर यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट शिवाजी सावंतांच्या १९७९ सालच्या कादंबरीवर आधारलेला आहे. विकी कौशल यांनी त्यात संभाजीराजांची भूमिका केली आहे. जगभरात त्याने सुमारे ८०० कोटी रुपये मिळविले. दिल्लीत भरलेल्या ९८ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या उद्घाटनात पंतप्रधानांनीही त्याचा गौरवाने उल्लेख केला. साहित्याच्या व्यासपीठावरून चित्रपटाची द्वाही फिरावी, हा योग तसा दुर्मिळच!

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात तर त्याचे स्वागत घरच्यासारखे झाले. सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मगाव. दरवर्षी १२ जानेवारीला येथे लोटणारा बहुजन समाज जिजाऊंच्या नातवाची कथा पाहायला टॉकीजमध्ये गेला नसता तरच नवल. मी हा चित्रपट जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी पाहिला. घोषणा, शिट्ट्या, फेकलेले कागदाचे कपटे, आणि शेवटच्या अर्ध्या तासात मात्र हुंदके. खेळ सुटल्यावर कॉलेजातला एक मुलगा मला म्हणाला, "सर, आपल्या राजाले असं हालहाल करून मारलं, अन् आपुन इथं खुर्चीत बसून पाह्यतो जी!" त्याचे डोळे लाल झाले होते.

या रडण्याची टिंगल करणाऱ्या विद्वानांत मला बसायचे नाही. त्या अश्रूंना इतिहास आहे. बखरकारांनी आणि 'राजसंन्यास'सारख्या नाटकांनी संभाजीराजांना व्यसनी व बाहेरख्याली ठरविले. ही प्रतिमा मराठी अभिजनांच्या वाङ्मयात पिढ्यान्‌पिढ्या पोसली गेली. वा. सी. बेंद्रे यांचे चरित्र १९६० साली आले, कमल गोखले यांचे 'शिवपुत्र संभाजी' १९७१ साली आले, तेव्हा कुठे कागदपत्रांच्या आधारे हा कलंक धुऊन निघू लागला. ज्याची बदनामी झाली त्याच्याशी, ज्यांची बदनामी होत आली त्या माणसांचे नाते जुळते. म्हणून टॉकीजमधला तो हुंदका मला खरा वाटतो. प्रश्न आहे तो त्या हुंदक्याला कोणत्या दिशेला वळविले गेले याचा.

चित्रपटाच्या आरंभीच बुऱ्हाणपूरच्या स्वारीत राजे निःशस्त्र हातांनी सिंहाचा जबडा फाडतात. येथूनच इतिहास मागे पडतो आणि महावीराचा साचा सुरू होतो. परदेशी चित्रपटांतील उडणाऱ्या, अभेद्य वीरांसाठी जो साचा तयार झाला, तोच येथे फेटा बांधून आला आहे. एकटा नायक हजारांना पुरून उरतो. त्याच्या मागचे मावळे, गड राखणारे, दाणागोटा वाहणारे, बातमी काढणारे, ज्यांच्या घामावर स्वराज्य उभे राहिले ती अठरापगड माणसे केवळ धुळीसारखी उडताना दिसतात. 'बुधभूषण' हा संस्कृत ग्रंथ लिहिणारा राजा या साच्यात मावत नाही. विचार करणारा राजा आरोळी ठोकणाऱ्या राजाइतका खपत नाही.

प्रदर्शनापूर्वीच एक बोलकी घटना घडली. झलकीत राजे लेझीम खेळताना दिसले आणि गदारोळ उठला. छत्रपती नाचतात कसे, हा आक्षेप होता. दिग्दर्शकाने ते दृश्य काढून टाकले. लेझीम हा आमच्या गावगाड्यातला, तालमीतला, शाळेच्या पटांगणातला खेळ. राजा रयतेबरोबर चार पावले खेळला तर त्याची प्रतिष्ठा जाते, आणि सिंह फाडला तर वाढते, असे मानणारा चाहता राजाला माणसांतून उठवून देव्हाऱ्यात बसवीत असतो. महात्मा फुल्यांनी १८६९ साली शिवाजीराजांचा पवाडा लिहिला तो राजाला कुणब्यांच्या, शेतकऱ्यांच्या घरचा करण्यासाठी. तो राजा आता शेतकऱ्याच्या घरातून पुन्हा बाहेर नेला जात आहे.

देव्हारा बांधला की राक्षस लागतोच. छळाच्या दृश्यांनी पेटलेल्या प्रेक्षकाला चित्रपट सत्तेचे स्वरूप समजावून देत नाही. तो त्याला फक्त एक चेहरा दाखवितो. गुजरातेत भरूच येथे एका प्रेक्षकाने पडदाच फाडला. दिल्लीत काही तरुणांनी अकबर आणि हुमायून यांच्या नावांच्या रस्त्यांच्या पाट्यांना काळे फासले. खुलताबादची औरंगजेबाची कबर उखडण्याच्या मागणीने जोर धरला आणि १७ मार्च २०२५ रोजी नागपुरात दंगल उसळली. त्यात एकाचा जीव गेला. या चित्रपटामुळे औरंगजेबाविषयीच्या लोकभावना प्रज्वलित झाल्या, असे खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितले. सतराव्या शतकातल्या बादशहाचा सूड एकविसाव्या शतकातल्या हातगाडीवाल्याच्या वस्तीवर उगवायचा, हे कोणते शौर्य?

याच मार्च महिन्यात दुसरीही एक प्रतिक्रिया उमटली. तिच्याकडे लोकांनी हसून पाहिले. आमच्या जळगाव जामोदहून सातपुडा ओलांडला की बुऱ्हाणपूरचा मुलूख लागतो. चित्रपटात बुऱ्हाणपूरच्या मोगली खजिन्याची गोष्ट आली आणि असीरगडाच्या परिसरातील शेतांत सोन्याची नाणी सापडतात अशी वावडी उठली. आसपासच्या खेड्यांतील माणसे रात्री बॅटऱ्या, कुदळी, चाळण्या घेऊन शेते उकरू लागली. वर्तमानपत्रांनी या अडाणीपणाची गंमत केली. मला त्यात गंमत दिसली नाही. पाटीवर काळे फासणाऱ्यापेक्षा हा माणूस अधिक प्रामाणिक वाटला. महावीराच्या कथेतून त्याने आपल्या उपाशी संसाराला उपयोगी पडेल तेवढेच उचलले. त्याच महिन्यात आमच्या देऊळगाव राजा तालुक्यात शेतीच्या पाण्यासाठी झगडणाऱ्या एका तरुण शेतकऱ्याने आत्महत्या केली. त्याच्यासाठी कोणत्या टॉकीजात हुंदका फुटला?

आता आपल्या जिव्हाळ्याचा मुद्दा. चित्रपट संभाजीराजांच्या मृत्यूपाशी संपतो. पण ११ मार्च १६८९ नंतर राजांच्या देहाचे काय झाले? वढू बुद्रुक येथे गोविंद गोपाळ या महाराने जिवावर उदार होऊन अंत्यसंस्कार केले, ही आपल्या समाजात चालत आलेली परंपरा आहे. त्या मानाचा दुसरा दावाही गावात केला जातो. हा वाद किती जिवंत आहे हे डिसेंबर २०१७ मध्ये वढूला फलकावरून उठलेल्या तंट्याने आणि लगेच १ जानेवारी २०१८ रोजी भीमा कोरेगाव येथे झालेल्या हल्ल्यांनी दाखविले. दिग्दर्शकाने निवाडा द्यावा अशी माझी अपेक्षा नाही. पण राजाच्या वेदनेवर इतकी मिनिटे खर्ची घालणाऱ्या कलाकृतीला त्या देहाला हात लावणाऱ्या माणसाची आठवणही होऊ नये? शिर्के घराण्याच्या वंशजांनी फितुरीच्या चित्रणावर आक्षेप घेतला तेव्हा दिग्दर्शकाने दिलगिरी व्यक्त केली. गोविंद गोपाळाचे चित्रणच नाही, तेव्हा दिलगिरी कोण आणि कशाबद्दल व्यक्त करणार!

गाळण्याची ही रीत दोनच महिन्यांनी अधिक उघडी पडली. अनंत महादेवन यांचा 'फुले' हा चित्रपट ११ एप्रिल २०२५ रोजी, म्हणजे जोतीरावांच्या जयंतीला, यायचा होता. तो २५ एप्रिलला आला. काही ब्राह्मण संघटनांनी विरोध केला. परीक्षण मंडळाने 'महार', 'मांग', 'पेशवाई' अशा शब्दांवर हरकत घेतली. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतली मुक्ता साळवे मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिते, तो 'ज्ञानोदय'मध्ये छापून येतो, आणि १७० वर्षांनी त्या निबंधाच्या विषयातले शब्दच पडद्यावर जड होतात. राजाच्या देहावरची प्रत्येक जखम दाखवायला मुभा आहे. समाजाच्या देहावरच्या जखमेचे नाव घ्यायला मात्र मुभा नाही. 'छावा'साठी खेळांवर खेळ वाढले. 'फुले'साठी तशा रांगा लागल्या नाहीत. हा दोष केवळ मंडळाचा म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. त्या रिकाम्या खुर्च्यांत आपणही नव्हतो.

येथे आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. १४ एप्रिलच्या मिरवणुकीत भिंती हादरविणाऱ्या आवाजात आपली पोरे नाचतात, तेव्हा त्यांच्या फलकांवरचे बाबासाहेबही पुष्कळदा महावीराच्याच साच्यातले असतात. आनंद साजरा करण्यास माझी ना नाही. पण राजकारणातील भक्ती हा अधोगतीचा आणि अखेर हुकूमशाहीचा मार्ग आहे, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. त्यांनाच भक्तीचा विषय करणे हा त्या इशाऱ्याचा पराभव आहे.

प्रेक्षक वेगळा घडू शकतो याचा पुरावा आपल्याजवळ आहे. २०१६ साली नागराज मंजुळे यांच्या 'सैराट'ला हीच पोरे खुर्च्यांवर उभी राहून नाचली. पण शेवट झाला तेव्हा टॉकीजात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पसरली. कोणी महावीर धावून आला नाही. मारेकरी परधर्मी नव्हते, घरातले होते. ती शांतता घेऊन बाहेर पडलेला प्रेक्षक पाटीला काळे फासायला गेला नाही. त्याला स्वतःच्या गल्लीकडे पाहावे लागले.

म्हणून शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे. 'छावा' पाहून रडलेल्या मुलाला हिणवू नका. त्याला बेंद्रे आणि गोखले वाचायला द्या. 'बुधभूषण' कोणी लिहिले ते सांगा. त्याला वढूला घेऊन जा आणि दोन्ही दावे ऐकवा. 'फुले' गावच्या शाळेत दाखवा, आणि कोणते शब्द का खटकले यावर त्यालाच बोलू द्या. एवढे झाले तर तो आपल्या राजाला गमावणार नाही, आणि त्या राजाच्या नावाने कोणी त्याच्या हाती दगड दिला, तर तो का दिला हे विचारण्याचे बळ त्याच्या अंगी येईल.